जवळ्याची कात आणि शैवालाचे देणे

स्मरणिकेत संस्थेची वाटचाल असते, माजी विद्यार्थ्यांची मनोगते असतात, दानशूर उपासक-उपासिकांची नामावली असते. त्यांच्या जोडीला एखादा लेख निव्वळ विज्ञानाचा असावा, या संपादक मंडळाच्या सूचनेवरून हे लेखन आम्ही हाती घेतले. विषय आहे समुद्रातील अतिसूक्ष्म प्राण्यांचे अन्न आणि त्या अन्नापासून त्यांच्या शरीरात घडणारी संप्रेरके. चऱ्होलीच्या शाळेने समुद्राचा विचार का करावा, असा प्रश्न कुणी विचारील. सह्याद्रीच्या पलीकडचा समुद्र आपल्याला सहज दिसत नाही हे खरे. परंतु त्याचा एक अंश आपल्या घराघरांतून आला आहे, आणि तोही फार जुन्या काळापासून. तो अंश म्हणजे जवळा.

आठवडी बाजारात सुकटीच्या पाटीशेजारी गुलाबी-पांढऱ्या चुऱ्यासारखा जो ढीग असतो, तो जवळा. तव्यावर भाजून, निवडून, कांदा-मिरची-लसूण घालून केलेली त्याची चटणी आणि भाकरी यांवर आपल्या समाजातील कित्येक पिढ्यांनी कष्टाचे दिवस काढले. मांसमच्छी परवडत नसे तेव्हा मूठभर जवळा अख्ख्या घराला पुरे. याच जवळ्याच्या वासावरून वस्ती ओळखली जाई, भाड्याची खोली नाकारली जाई आणि वर्गात मुलाच्या डब्याकडे पाहून नाक मुरडले जाई. ज्या अन्नाबद्दल इतकी लाज आपल्यावर लादली गेली, ते अन्न नेमके आहे तरी काय, हे जाणून घेण्याचा आपल्याला इतरांहून अधिक अधिकार आहे, असे आम्हांस वाटते.

जवळा ही कोळंबीच्या जातकुळीतील एक इवली प्रजाती. शास्त्रीय नाव असेटिस इंडिकस. लांबी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. मुंबई, पालघर, रायगडच्या किनाऱ्यावरील कोळी बांधव भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या तोंडावर डोल जाळे रोवतात. पाण्याच्या ओढीबरोबर वाहत येणारा जवळा त्या पिशवीसारख्या जाळ्यात साठत जातो. वाहत येणारा, हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ ज्या सजीवांत नाही, जे पाणी नेईल तिकडे जातात, त्यांना प्लवक म्हणतात. त्यांतील हिरवे, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे ते वनस्पतिप्लवक. आणि त्यांना खाणारे, किंवा एकमेकांना खाणारे, ते प्राणिप्लवक. जवळा या प्राणिप्लवकांच्या अगदी वरच्या सीमेवर उभा आहे. त्याच्या खाली कोपेपॉड नावाच्या, बहुधा एक-दोन मिलिमीटरच्या प्राण्यांचे अफाट राज्य पसरलेले आहे. समुद्रातील बहुतेक मासे आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर या राज्यावर पोसलेले असतात. आपला बोंबील तर थेट जवळ्यावरच ताव मारतो.

जवळा काय, कोपेपॉड काय, खेकडा काय, या सर्वांची एक सामाईक अडचण आहे. त्यांचा सांगाडा बाहेरून आहे. कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचे ते कवच एकदा कठीण झाले की वाढत नाही. आतला प्राणी मात्र वाढतो. म्हणून ठरावीक काळाने जुने कवच फोडून बाहेर यावे लागते. सापाप्रमाणेच हेही कात टाकतात. पण सापाची कात म्हणजे वरची त्वचा. येथे डोळ्यांवरचे आवरण, पायांची टोके, मिशा, इतकेच नव्हे तर अन्ननलिकेच्या आतले अस्तरसुद्धा उतरवावे लागते. जुन्या कवचातील उपयुक्त द्रव्ये आधी शरीरात परत ओढून घ्यायची, त्याच्या खाली नवे मऊ कवच विणायचे, मग पाणी शोषून फुगायचे, जुने कवच उसवायचे, बाहेर पडायचे आणि नवे कठीण होईपर्यंत कुणाच्या तोंडी न पडता राहायचे. नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा ज्यांनी हातात धरला आहे, त्यांना त्याची असहायता ठाऊक असेल. कोपेपॉडला अंड्यातून बाहेर पडल्यापासून प्रौढ होईपर्यंत बारा अवस्थांतून जावे लागते, म्हणजे अकरा वेळा कात टाकावी लागते. त्यांपैकी एक जरी फसली तरी तो प्राणी पुढे जगत नाही.

हे सर्व योग्य वेळी, योग्य क्रमाने घडवून आणणारा निरोप्या म्हणजे एक संप्रेरक. त्याचे नाव एक्डायसोन, आणि ते स्टेरॉइड आहे.

स्टेरॉइड हा शब्द ऐकताच कुणाला व्यायामशाळेतील चोरटी इंजेक्शने आठवतील, कुणाला दम्यावरील औषध. वास्तविक स्टेरॉइड हे एका मोठ्या रेणुकुळाचे नाव आहे. कार्बनच्या चार कड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, तीन सहा-सहा अणूंच्या आणि एक पाच अणूंची. हा त्या कुळाचा सांगाडा. आपल्या शरीरातील पुरुषत्वाची व स्त्रीत्वाची संप्रेरके, ताण सोसण्यास मदत करणारे कॉर्टिसोल, ही सर्व त्याच कुळातील. आणि या साऱ्यांचा मूळ पुरुष म्हणावा असा रेणू म्हणजे कोलेस्टेरॉल: २७ कार्बन, ४६ हायड्रोजन, १ ऑक्सिजन. चार कड्यांच्या सांगाड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी आणि एक लांब शेपटी असली की त्या रेणूला स्टेरॉल म्हणतात. कोलेस्टेरॉल हा प्राण्यांचा मुख्य स्टेरॉल.

एक्डायसोनचा शोध कसा लागला, ती हकिकत सांगण्याजोगी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ ब्यूटेनांट आणि त्यांचे सहकारी पेटर कार्लसन यांनी १९५४ साली रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोशांतून हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. हाती किती आले? २५ मिलिग्रॅम. चिमटीत मावणार नाही इतके. पुढे १९६६ साली ऑस्ट्रेलियातील हॅम्पशायर आणि हॉर्न या शास्त्रज्ञांनी शेवंडाच्या तब्बल एक टन टाकाऊ भागातून कात टाकण्याचे संप्रेरक मिळवले. ते भरले अवघे २ मिलिग्रॅम. कीटकांतील आणि शेवंडातील संप्रेरके एकाच घराण्यातील निघाली. जमिनीवरचा रेशीमकिडा आणि समुद्रतळाचा शेवंड यांच्या वाटा कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी कात टाकण्याचा निरोप दोघांनी जवळपास त्याच अक्षरांत जपून ठेवला आहे. इतक्या जीवांच्या हत्येतून मिळालेले हे ज्ञान आहे, याची नोंद अहिंसेचे शील घेतलेल्या आपण घेतली पाहिजे. पण ते ज्ञान नाकारणे हा त्यावरचा उपाय नव्हे, असे आमचे मत आहे.

खेकडे-कोळंबीत हे संप्रेरक डोक्याजवळच्या एका लहानशा ग्रंथीत तयार होते. मात्र ती ग्रंथी सदैव मोकळी नसते. डोळ्याच्या देठात दुसरे एक केंद्र असते, ते तिला रोखून धरते. प्राणी पुरेसा वाढला, अन्न साठले, ऋतू अनुकूल झाला, की हा लगाम सैल होतो आणि एक्डायसोन रक्तात उतरते. पेशीच्या केंद्रकात त्याची वाट पाहत बसलेला ग्राहक असतो. त्याला ते जाऊन मिळते आणि मग एकामागून एक जनुके जागी होतात. लगाम, चाबूक, ग्राहक, सारे काही प्राण्याजवळ आहे. नाही तो फक्त कच्चा माल.

हीच या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट. एक्डायसोन तयार होते कोलेस्टेरॉलपासून, आणि कीटक असोत की कोळंबी, संधिपाद वर्गातील कोणताही प्राणी कोलेस्टेरॉल स्वतः तयार करू शकत नाही.

आपले शरीर ते करते. साध्या दोन कार्बनच्या तुकड्यांपासून सुरुवात करून, तीसेक पायऱ्या चढून, आपले यकृत कोलेस्टेरॉल घडवते. हा मार्ग उलगडणाऱ्यांपैकी कोनराड ब्लॉख आणि फेओडोर लिनेन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कीटकांना मात्र हे जमत नसावे, याची चाहूल त्याआधीच लागली होती. १९३५ साली हॉब्सन या इंग्रज संशोधकाने दाखवले की, एका जातीच्या माशीच्या अळ्यांच्या अन्नातून कोलेस्टेरॉल काढून टाकले तर त्या वाढत नाहीत. १९६०च्या दशकात हॉलंडमधील झांडे यांनी गोड्या पाण्यातील शेवंडासारख्या प्राण्याला किरणोत्सारी खूण केलेले अ‍ॅसिटेट देऊन पाहिले. खूण चरबीत सापडली, स्टेरॉलमध्ये सापडली नाही. याचा अर्थ त्या प्राण्याने मिळालेल्या कार्बनची चरबी केली, पण चार कड्यांचा सांगाडा त्याला उभारता आला नाही. त्या मार्गावरील काही विकरे या कुळाने फार पूर्वी गमावली आहेत. अन्नातून आयते मिळत असेल तर घरी घडवण्याचा खटाटोप निसर्गात पुष्कळदा सुटतो. आपण माणसांनी नाही का क जीवनसत्त्व करण्याची शक्ती अशीच गमावली?

येथे थोडे विषयांतर करतो. ‘कोळंबीत कोलेस्टेरॉल फार असते’ हे वाक्य हृदयविकाराच्या भीतीने घरोघरी उच्चारले जाते. कोळंबीत व जवळ्यात ते भरपूर असते हे खरे, पण त्यातला कणही कोळंबीने केलेला नसतो. तिने तो जपून साठवलेला असतो. माणसाच्या रक्तातील कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या यकृताचा असतो. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे त्यांनी ते पाळावेच. बाकीच्यांनी मूठभर जवळ्याला घाबरण्यापूर्वी तळणीच्या तेलाकडे पाहावे.

मग कोळंबीला हा रेणू देतो कोण? तिच्या अन्नाने तो तिच्या अन्नाकडून घेतला, त्याने आणखी खालच्याकडून. असे मागे मागे जात गेलो की आपण सूक्ष्म शैवालापाशी येतो. समुद्रात चार कड्यांचा हा सांगाडा नव्याने उभारण्याचे काम मुख्यतः त्यांचेच. पण शैवाले स्वतःच्या गरजेपुरती स्वतःच्या धाटणीची स्टेरॉले करतात. त्यांतील पुष्कळांच्या शेपटीला एक किंवा दोन कार्बन अधिक जोडलेले असतात, म्हणजे २७ ऐवजी २८ किंवा २९. कवचधारी प्राण्याला तो जादा तुकडा छाटून २७ चा रेणू करून घ्यावा लागतो. हे कौशल्य सर्वांत सारखे नाही, आणि काही शैवालांच्या स्टेरॉलांत तर कडीमधील जोडणीच अशी असते की छाटूनही उपयोग होत नाही. शिंप्याने मोठ्या मापाचा सदरा उसवून लहान करावा. कापडच वेगळे असेल तर त्याने काय करावे?

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कोपेपॉडच्या माद्यांना डायटमच्या आहाराबरोबर थोडे कोलेस्टेरॉल पुरवले असता त्यांची अंडी वाढू शकतात, असे आढळले. डायटम म्हणजे वाळूच्या द्रव्याची, सिलिकाची, नक्षीदार डबी घालून जगणारी शैवाले. समुद्रातील उत्तम कुरण म्हणून ती प्रसिद्ध आहेत. अशा कुरणावरही स्टेरॉल अपुरे पडू शकते. पोट भरणे आणि पोषण होणे यांत अंतर आहे, हे आपल्या आयांना कुणी शिकवावे लागत नाही. समुद्रशास्त्राला मात्र ते प्रयोगांनी सिद्ध करावे लागले.

आणि एक गट असा आहे की जो व्यवहारतः स्टेरॉल देतच नाही. तो नीलहरित शैवालांचा. नाव शैवालाचे असले तरी हे खरे तर जिवाणू. त्यांच्या पेशीपटलाला वेगळ्या रेणूंचा आधार असतो. २००३ साली जर्मनीतील फॉन एलर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्यातील डॅफ्निया या प्राण्याला केवळ नीलहरित पेशींवर ठेवले, वाढ खुंटली. त्याच अन्नात कोलेस्टेरॉल मिसळले, वाढ सुधारली. अन्न तेच, मात्रा तीच, उणीव होती ती एका रेणूची.

आता आपल्या समुद्राकडे वळू. फेब्रुवारीपासून एप्रिल-मेपर्यंत, वारा पडलेला आणि पाणी तापलेले असताना, गोवा व दक्षिण कोकणासमोरच्या समुद्रावर लाकडाच्या भुशासारखे पिवळट-तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. ते ट्रायकोडेस्मियम नावाचे नीलहरित शैवाल. हवेतील नायट्रोजन थेट वापरण्याची शक्ती असल्यामुळे खतहीन पाण्यातही ते माजते. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत देवस्सी, भट्टतिरी आणि कासिम यांनी १९७०च्या दशकात याचा बारकाईने पाठपुरावा केला. ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून तिचा जन्म झाला. (जाता जाता सांगतो: ही संस्था जुवारी नदीच्या मुखाशी आहे आणि त्याच नदीच्या दक्षिण तीरावर सांखवाळ आहे, १८७६ साली धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला ते गाव. बुद्धाच्या शोधात घर सोडून निघालेला तो तरुण याच पाण्याच्या काठी वाढला.)

या शास्त्रज्ञांनी पाहिले ते असे: ट्रायकोडेस्मियम भरात असते तेव्हा समुद्र वनस्पतींनी गच्च भरलेला दिसतो, पण खरी रेलचेल त्या वेळी होत नाही. ते कुजून ओसरू लागले, त्यात बांधलेला नायट्रोजन पाण्यात सुटला, की त्यावर इतर वनस्पतिप्लवक उगवतात. मग त्यांना खाणारे प्राणिप्लवक वाढतात. आणि त्यांच्यामागून त्यांना खाणारे मांसाहारी येतात. एकामागून एक अशी रांग लागते. त्यांनी हा अभ्यास स्टेरॉलच्या दृष्टीने केला नव्हता. ट्रायकोडेस्मियम फारसे कुणी खात नाही याला त्याचे विष, त्याच्या जुड्यांचा आकार अशी आणखीही कारणे आहेत, आणि मॅक्रोसेटेला नावाचा एक कोपेपॉड तर त्याच्यावरच राहतो व त्यालाच खातो. तरीही आज मागे वळून पाहता त्या रांगेचा अर्थ अधिक उलगडतो असे आम्हांस वाटते. नीलहरित भुशाने नायट्रोजन आणला; चार कड्यांचा रेणू मात्र त्यानंतर आलेल्या शैवालांनी आणला; आणि दोन्ही मिळाल्यावरच कात टाकणाऱ्यांची गर्दी झाली.

याच संस्थेतील मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणखी एक कोडे मांडले. अरबी समुद्रात पावसाळ्यात आणि हिवाळ्यात वनस्पतिप्लवक भरपूर असतात, मधल्या काळात कमी. पण वरच्या थरातील प्राणिप्लवकांचे एकूण वजन बाराही महिने फारसे घटत नाही. कुरण वाळले तरी गुरे धष्टपुष्ट राहावीत, तसे हे. याला अरबी समुद्राचा विरोधाभास म्हणतात. त्यांचे उत्तर असे की, सुगीच्या काळातील उरलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जिवाणू वाढतात, जिवाणूंना एकपेशीय प्राणी खातात आणि एकपेशीयांना कोपेपॉड. येथे स्टेरॉलचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, कारण जिवाणूंत तो नसतो. मग मधला दलाल कोण? हॉलंडमधील संशोधकांच्या १९९९ च्या एका प्रयोगात याचा एक धागा मिळतो. एका हिरव्या शैवालावर कोपेपॉडची पिले वाढेनात. तेच शैवाल आधी एका भक्षक एकपेशीय जीवाला खाऊ घातले आणि तो जीव पिलांना दिला, पिले वाढली. निकस अन्न मधल्या जीवाच्या शरीरात सकस झाले. अर्थात सर्वच एकपेशीयांना हे साधत नाही; काही जण जसे मिळाले तसेच पुढे देतात. समुद्रातही दलाल दोन प्रकारचे असतात.

प्रतीत्यसमुत्पादाचा पाठ आपल्या विद्यालयात लहानपणापासून होतो. धम्मात आधुनिक जीवशास्त्र शोधण्याचा हव्यास आम्हांस मान्य नाही, आणि बुद्धाने कोपेपॉड पाहिला होता असे म्हणण्याचे काही कारण नाही. पण कोणतीही वस्तू एकट्याने, स्वतःच्या बळावर उभी नसते, हे ज्याला तत्त्व म्हणून शिकवले आहे, त्याने जवळ्याच्या कातीचे उदाहरण समोर ठेवावे. जन्मभराच्या वाढीची आज्ञा जो रेणू देतो, तोसुद्धा मुळात दुसऱ्याने घडवलेला.

ही माहिती व्यवहारात फार पूर्वीच उतरली आहे. कोकणातील खाजणांत आणि पूर्व किनाऱ्यावर कोळंबीची शेती चालते. २००९ पासून आपल्या देशात व्हॅनामी नावाच्या परदेशी कोळंबीला परवानगी मिळाली आणि तिने जुन्या वाघी कोळंबीला बरेच मागे सारले. जपानमधील कानाझावा यांनी १९७०च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून कोळंबीच्या खाद्यात अर्धा टक्क्याच्या आसपास कोलेस्टेरॉल असले तर ती उत्तम वाढते, असे दिसून आले होते. म्हणून खाद्यात मासळीची पूड, स्क्विडची पूड घालतात, आणि कमी पडल्यास शुद्ध कोलेस्टेरॉलही. हे शुद्ध कोलेस्टेरॉल बऱ्याच अंशी येते कोठून? मेंढीच्या लोकरीवरील मेणातून. माळरानावर चरणाऱ्या मेंढीच्या अंगावरचा रेणू खाऱ्या पाण्यातील कोळंबीची कात उतरवतो, ही साखळी कुणा कवीला सुचली नसती.

कोळंबीशेतीतील दुसरी एक रीत मात्र आम्हांस अस्वस्थ करते. डोळ्याच्या देठातील लगामाचा उल्लेख वर आला. १९४३ साली पानूझ या फ्रेंच संशोधकास आढळले की डोळ्याचे देठ काढले तर कोळंबीची अंडी अवेळी पक्व होतात. तेव्हापासून जगभरच्या बीजोत्पादन केंद्रांत मादीचा एक डोळा चिरडण्याची वा दोऱ्याने बांधून गळवण्याची पद्धत पडली. आता त्याविना चालवण्याचे प्रयत्न वाढत आहेत. त्यांतून काय निष्पन्न होते याकडे आपले लक्ष असावे.

निरोपाची भाषा सर्वांची एकच असल्याचा तोटाही आहे. पिकांवरील काही कीटकनाशके मुद्दाम कात टाकण्याच्या क्रियेवर बेतलेली असतात. डायफ्लुबेन्झुरॉन नवे कायटिन विणू देत नाही. टेब्युफेनोझाइड तर एक्डायसोनची नक्कल करते आणि अळीला अवेळी कात टाकायला लावते. माणसाला कात टाकायची नसते म्हणून ही औषधे आपल्याला तुलनेने सौम्य. परंतु कायटिनच्या कवचावर बेतलेले औषध ओढ्यात उतरले तर शेतातली अळी कोणती आणि पाण्यातला निरुपद्रवी कवचधारी कोणता, हे त्याला कळत नाही. डायफ्लुबेन्झुरॉन पाण्यातील कवचधाऱ्यांना अत्यंत घातक आहे, हे सिद्ध झालेले आहे.

त्याहून दूरगामी आहे तो कुरण बदलण्याचा धोका. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस नदीत उतरतात, सिलिका उतरत नाही. शिवाय धरणांच्या तळाशी ती अडकून राहते. डबी बनवायला सिलिका नाही, तर डायटम मागे पडतात आणि तिच्यावाचून चालणारी शैवाले पुढे सरसावतात. उत्तर अरबी समुद्रात या शतकाच्या आरंभापासून हिवाळ्यात डायटमच्या जागी हिरव्या नॉक्टिल्यूकाची प्रचंड वाढ दिसू लागली. रात्री निळसर उजेड देणारा हा जीव. मूळ गोव्याचे जोआकिम गोएस आणि हेल्गा गोमेस हे दांपत्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याची सविस्तर मांडणी केली व पाण्यातील घटत्या प्राणवायूकडे बोट दाखवले. कारणांविषयी इतर शास्त्रज्ञांचे मतभेद आहेत. येथे अडचण स्टेरॉलच्या अभावाची नसून आकाराची आहे. नॉक्टिल्यूका इतका मोठा असतो की कोपेपॉडच्या तोंडात मावत नाही. त्यावर साल्पसारखे पारदर्शक पिशवीसदृश प्राणी वाढतात, आणि साल्प मोठ्या माशांच्या फारसे उपयोगाचे नाहीत. कुरण कोणत्याही कारणाने बदलो, झळ शेवटी डोल जाळ्याला आणि बाजारातल्या त्या पाटीला लागते.

चऱ्होलीजवळून वाहणाऱ्या इंद्रायणीचे पाणी मात्र अरबी समुद्राला जात नाही. ते तुळापूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. घाटाच्या माथ्यावर उगम पावूनही पश्चिमेकडे पाठ फिरवलेली ही नदी. तिच्या पात्रावरील पांढरा फेस वर्तमानपत्रांत पुष्कळ येतो. फेस दिसतो म्हणून त्याची बातमी होते. त्या पाण्यात डायटम किती आणि नीलहरित किती, याची होत नाही. वास्तविक हे मोजण्यास साधे सूक्ष्मदर्शक पुरते, आणि इयत्ता आठवीच्या मुला-मुलींना ते जमू शकते. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काही भेट द्यावयाची असेल तर भिंतीवरील घड्याळांऐवजी दोन चांगली सूक्ष्मदर्शके द्यावीत, अशी आमची विनंती आहे.

ज्यांना कात टाकणे प्रत्यक्ष पाहावयाचे आहे त्यांनी समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. स्वच्छ राहिलेल्या एखाद्या तळ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यात बारीक कापडी जाळी फिरवली तर डॅफ्निया सापडते. तिला पाण्यातली पिसू म्हणतात. टाचणीच्या डोक्याएवढी, झटके देत पोहणारी, काचेसारखी आरपार. काचेच्या वाटीत, त्याच तळ्याच्या पाण्यात, तिला एकटी ठेवावी. आपल्याकडच्या उबदार हवेत प्रौढ मादी साधारण दोन-तीन दिवसांनी कात टाकते. वाटीच्या तळाशी तिच्याच आकाराचे एक रिकामे, पारदर्शक कवच पडलेले दिसते. कात टाकण्याच्या थोडे आधी तिच्या पाठीवरील कोशातून पिले बाहेर पडलेली असतात, आणि नवे कवच अजून मऊ असतानाच त्या कोशात अंड्यांची पुढची खेप उतरते. भिंगातून ती मोजता येतात. हिरव्या, डायटमयुक्त पाण्यातल्या मादीची आणि नीलहरित साय आलेल्या पाण्यातल्या मादीची अंडी वेगवेगळी मोजून वहीत लिहावी.